आईच्या बाजूनं मोजलेला पट

जियाशिंग, दाओग्वांग राजवटीचं चौदावं वर्ष
दुसरा महिना, नवमी

शूहाव,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पत्र फोडण्याआधी बराच वेळ नुसता हातात धरून बसशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आई आहे. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते, आणि विचारलं की म्हणते, धाप नाही लागली, कालव्यातल्या नावा बघत होते. बाबा गेले तेव्हा मी तुला कळवलं नव्हतं, पण तशी बातमी हानखौपर्यंत आपोआप पोचते.

मी कामासाठी लिहितोय. माफी मागतोय असं समजू नकोस आणि माफ केलं असंही समजू नकोस.

बाबांच्या साठ डावांचं पुस्तक काढायला घेतलंय. नासपतीच्या लाकडाच्या छपाईच्या चाळीस फळ्या कोरून झाल्या. प्रत्येक डावाचा आख्खा पट कोरत बसलो तर माझा जन्म पुरायचा नाही, म्हणून बाबांच्या पद्धतीनं नुसती घरांची नावं कोरतो. वेईछीच्या, म्हणजे आपल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळाच्या, पटाचे चार कोपरे, त्यांना बोलण्यातल्या चार सुरांची नावं: सपाट, चढता, जाता, येता. मग त्या कोपऱ्याच्या कडांपासून मोजलेले दोन आकडे. जाता, चार-तीन. येता, सहा-तीन. ज्याला सवय आहे त्याच्या डोळ्यांपुढे सोंगट्या आपोआप बसत जातात. आजोबांच्या पोथीत एकोणीस रेघांना एकोणीस नावं होती ती आता कुणाला पाठ नाहीत. पहिली आकाश, दुसरी पृथ्वी, चौदावी रानकोंबडा, आणि अगदी शेवटची पाहुणा. लहानपणी रुसलास की तू म्हणायचास, मी या घरातली एकोणिसावी रेघ आहे. आई हसायची आणि बाबा तुला ताटावरून उठवायचे.

पुस्तकाची शेवटची फळी रिकामी आहे. तिथे आपला पत्रांतला डाव घालावा असं मनात आहे. माझ्याकडे नोंद आहे, तुझ्याकडे असेल तर नक्कल पाठव, ताडून बघतो. त्या डावाचं काय झालं ते उगाळण्यात अर्थ नाही. तू फळ्या कोरायचं सोडून मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरी पाहुण्यांसमोर खेळून दाखवायला गेलास, बाबा म्हणाले, दादाला हरवशील तरच या उंबऱ्यात ये, पत्रानं खेळ. पाच वर्षं खेळलास. एकोणऐंशीव्या खेळीला तू लिहिलंस की तुझ्या वेढ्यात माझ्या अकरा सोंगट्या मेल्या, उचलून ठेव. माझ्या पटावर त्या धडधडीत जिवंत होत्या, शेजारच्या घोळक्याला जोडलेल्या होत्या. मी तुला लबाड म्हटलं. बाबांनी वंशावळ काढायला सांगितली आणि तुझ्या नावावर रेघ ओढली. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी तुझं नाव काढलं नाही.

एक किरकोळ गोष्ट विचारायची राहिली. घर मोजताना तू आधी आडवं मोजतोस की उभं? सहज विचारतोय.

बोरेन


तिसरा महिना, अठ्ठाविसावी तिथी

शूहाव,

तुझं उत्तर नाही. पत्रपेढीतला माणूस म्हणतो, नदी चढायला नावेला महिना लागतो, उतरायला अर्धा, आणि मधे तुम्ही विद्वान माणसं विचार करायला दोन महिने घेता. त्याला मी दोन शब्द सुनावले.

घरात सध्या रेशीमकिड्यांचे दिवस आहेत. वरच्या खोलीत ताटंच ताटं, दिवसभर तुतीची पानं कुरतडल्याचा आवाज. आई पाच वेळा वर जाते. मी म्हटलं, या वर्षी राहू दे, तर म्हणाली, राहू दिलं तर मी दिवसभर काय करू, तुझं तोंड बघू? माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली हे तुला माहीत नसेल. आता घरात आम्ही दोघंच आहोत आणि दोघांनाही फारसं बोलायची सवय राहिलेली नाही.

आता खरं सांगतो. मागच्या पत्रात ज्याला किरकोळ म्हटलं ते किरकोळ नव्हतं.

फळीवरून छापलेला पहिला कागद तपासताना एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं सोंगट्या ठेवायच्या, ही आपल्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे. चुकीचा आकडा कोरला गेला की सोंगटी भलतीकडे पडते आणि लगेच कळतं. आधी हे बायको करायची. नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर मी एकटाच वाचत, एकटाच ठेवत बसलो होतो, तेव्हा आई आली आणि म्हणाली, "तू वाच. मी ठेवते."

तू विसरला नसशील, आपण लहान असताना हांगचौच्या पाहुण्यांसमोर तिनं एकदाच बोट दाखवून म्हटलं होतं, इथे खेळायला हवं होतं. बाबांनी सोंगट्यांचा वाडगा अंगणात फेकला आणि शपथ घातली, पुन्हा पटाला हात लावलास तर माहेरी पोचवीन. त्या दिवसापासून ती बाबा खेळत असताना पटाच्या बाजूला, खिडकीशी, शिवण घेऊन बसायची. मला वाटायचं शिवत असते.

मी वाचू लागलो. ती त्याच खिडकीशी, त्याच बाजूला बसली. कोपरे तिला बरोबर माहीत होते, बाबांच्या तोंडून हजारदा ऐकलेले. पण आकडे ती स्वतःच्या जागेवरून मोजत होती. बाबांचं आडवं ते तिचं उभं. बाबांच्या हिशोबानं सहा-तीन जिथे पडायला हवं तिथे तिच्या हिशोबानं तीन-सहा पडत होतं. मी तीनदा म्हटलं, आई, चुकतेस. ती म्हणाली, "चुकत नाही. शूहावला मीच असं शिकवलं. तुझे बाबा सूचौला गेले की आम्ही खेळायचो."

तुझ्या लक्षात आलं असेल. घरी आपण पटावर समोरासमोर खेळायचो, घरांची नावं घ्यायची वेळच कधी आली नाही. तू हानखौला गेलास आणि नावांवर आलो. मी बाबांच्या जागेवरून मोजत होतो, तू आईच्या. मजा म्हणजे कोपऱ्यात यानं काहीही बिघडत नाही. आरशात दिसावा तसा तोच आकार उमटतो, तीच मारामारी होते. बिघडतं ते दोन कोपऱ्यांच्या मधे. माझ्या पटावर जे दोन घोळके हात धरून उभे होते ते तुझ्या पटावर एकमेकांपासून पार लांब पडले होते. तुझ्या काही खेळी मला वेडगळ वाटायच्या. मी म्हणायचो, लक्ष नाही, व्यापाऱ्याच्या घरची दारू चढली असेल. माझ्या खेळी पाहून तूही म्हणत असशील, दादा आधीपासूनच मठ्ठ. आकड्यांवर दोघांपैकी कुणालाच शंका आली नाही, आपण सगळं एकमेकांच्या स्वभावावर ढकललं.

मी सगळा डाव आईच्या बाजूनं पुन्हा मांडला. माझ्या अकरा सोंगट्या मेलेल्याच होत्या. तू ज्या पटावर खेळत होतास त्यावर तू जिंकला होतास. आपण दोघं एकच डाव खेळत नव्हतो, हे खरं. पण लबाडी झाली नव्हती, हेही तितकंच खरं.

दोष कुणाचाच नाही. बसायच्या जागेचा आहे. घरी ये. वंशावळीत तुझं नाव मी स्वतः कोरून घालतो. आईला यातलं अजून काही सांगितलेलं नाही, तिला वाटतं आपण भांडलो आणि तू तापट म्हणून आला नाहीस. सांगेन म्हणतो, तिलाही कळायला हवं.

बोरेन


पाचवा महिना, अठरावी तिथी

शूहाव,

तुला पत्र लिहिणं म्हणजे विहिरीत खडा टाकून आवाजाची वाट बघणं झालंय. तरी लिहितो, कारण आता घाई आहे.

पंचमीच्या सणाच्या दिवशी आईला सांगितलं. ती सकाळपासून बांबूच्या पानांत भात बांधत होती. तुला आवडतात तसे, आत खारवलेल्या अंड्याचा बलक घातलेले, वेगळ्या दोऱ्यानं बांधून बाजूला ठेवले होते. तू गेल्यापासून ती हे करते आणि संध्याकाळी ते शेजारी वाटून टाकते. या वेळी तिनं विचारलं, या वसंतात तू हानखौला दोन पत्रं धाडलीस, त्यात काय लिहिलंस? मी पट मांडून तिला सगळं दाखवलं. समजावून सांगायला हात चांगले चालतात माझे. पहिल्या वीस सोंगट्यांतच तिला कळलं होतं, मी मात्र एकोणऐंशीपर्यंत नेलं.

तिनं त्या अकरा सोंगट्या एकेक करून उचलल्या. मग म्हणाली, "म्हणजे मी शिकवलं म्हणून त्याला घर तुटलं."

मी म्हटलं, तुझी बसायची जागा बाजूला होती म्हणून.

"जागा मी निवडली नव्हती," ती म्हणाली. एवढंच. भाताचे पुडे तसेच राहिले, मी खाल्ले नाहीत आणि वाटलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या जागेवर जाऊन बसली. त्या पाटावर ती जन्मात पहिल्यांदा बसली असेल. मला म्हणाली, वाच. मी वाचलं. तिनं बोटानं मोजून मोजून बाबांसारखं ठेवायचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी सोंगटी तिच्या जुन्या घरावर पडली. सात-आठ वेळा झालं. मग तिनं हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, या वयात हात ऐकत नाही, मी त्याला लहानपणी हे नीट शिकवायला हवं होतं.

तेव्हापासून तिचं जेवण गेलं. पेज दिली की म्हणते, पोट भरलंय. खोकला रात्रंदिवस आहे. वैद्य येऊन गेला, नाडी धरून बसला आणि निघताना माझ्याशी अंगणात बोलला, यावरून समज. परवा उठून बसली आणि मला म्हणाली, नाव ठरव, मी हानखौला जाते, त्याच्या तोंडावर सांगते की माझी चूक होती. जिना उतरायची ताकद नाही आणि हिला नदी चढायची आहे.

तू ये. माझ्यासाठी येऊ नकोस, माझं तोंड बघू नकोस, पण तिच्यासाठी ये. तिला फक्त एवढं सांग की तू तिच्यावर रागावलेला नाहीस. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

बोरेन


सहावा महिना, नवमी

आई आज सकाळी गेली.

पुढे लिहवत नाही. पत्रपेढीत आज देणारही नाही.


सहावा महिना, द्वादशी

शूहाव,

तुझं पत्र काल आलं. आईला पोचवून परतलो होतो, पांढरे कपडे अंगावरच होते, दारात पेढीचा माणूस उभा. त्यानं कपडे बघितले आणि माझ्या हातात पत्र देऊन निघून गेला. मी ते उभ्यानं वाचलं. तुझं अक्षर बदललेलं नाही.

ते मी इथे पुन्हा लिहून काढतो. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, पण मी ते नीट वाचलंय हे तुला कळावं म्हणून:

"दादा, आईला सांगू नकोस. मला हे त्याच वर्षी कळलं होतं. तू लबाड म्हटलंस, मी तुला पट पुन्हा मांड म्हणून लिहिलं, मग स्वतःच आठ दिवस मांडत बसलो, आकडे उलटे करून बघितले आणि कळलं. तुला लिहायला बसलोही होतो. पण मग बाबांनी विचारलं असतं, तुला असं मोजायला कुणी शिकवलं? बाबांची शपथ तुला आठवत असेल. मी लबाड ठरलो तर मी बाहेर राहतो, ते मला जमलं, अजून जमतंय. ती माहेरी परत गेली असती तर तिला ते जमलं नसतं. आता बाबा नाहीत, तेव्हा मी येतो. आठव्या महिन्यात, चंद्राच्या सणाआधी पोचेन. तिला म्हण, व्यापाऱ्यानं सुट्टी दिली म्हणून आला. बाकी काही बोलू नकोस. तिला कळलं तर ती स्वतःला खाईल, तुला तिचा स्वभाव माहीत आहे."

मला तिचा स्वभाव माहीत होता, शूहाव. पत्र पोचायच्या महिनाभर आधी मी तिला सगळं सांगून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या पत्रात मी लिहिलं होतं, सांगेन म्हणतो. तू तडक उत्तर लिहिलंस, पण पुरात नाव वाटेत महिनाभर अडकली. नाव आली तेव्हा ती दोन दिवसांपूर्वीच गेली होती. यात नावेची चूक नाही. मी थांबलो असतो तर पुरे होतं.

आता राहिलेलं लिहितो. समोर आलास की माझ्या तोंडातून हे निघणार नाही, मी मला ओळखतो. म्हणून तू निघण्याआधी हे तुझ्या हातात पडू दे, मग यायचं की नाही ते तू ठरव.

तुला त्याच वर्षी कळलं. मलाही त्याच वर्षी कळलं.

तुझं शेवटचं पत्र आलं होतं ना, "दादा, तुझ्या सोंगट्या तुटल्या आहेत, एकदा पट पुन्हा मांड", तेवढंच लिहिलेलं. मी चिडून पट मांडला, तुझी लबाडी बाबांना दाखवायची म्हणून. दोन दिवस मांडला. तिसऱ्या दिवशी आकडे उलटे करून बघितले. सगळ्या वेडगळ खेळी एकदम शहाण्या दिसू लागल्या. तू सुरेख खेळला होतास. माझ्या हातून तसा डाव कधी झाला नाही आणि होणारही नाही. तू असं का मोजतोस ते तेव्हा मला कळलं नव्हतं, कुणी शिकवलं ते तर अजिबात नाही. पण तू लबाड नाहीस हे कळलं होतं.

बाबा तेव्हा अंथरुणावर होते. अजून चाळीस दिवस जगले. त्यांनी तुझं नाव काढलं नाही असं मी तुला लिहिलं, ते खोटं. ते रोज विचारायचे, त्याचं काही पत्र आलं का? आणि मी रोज म्हणायचो, नाही. तुझं पत्र मी चुलीत घातलं होतं. बाबा नेहमी म्हणायचे, धाकट्याचा हात चांगला आहे, बोरेनचा फक्त सुरीवर बसलाय. तू जिंकून परत आला असतास तर बाबांच्या पाटावर तू बसला असतास आणि मी अंगणात फळ्या कोरत बसलो असतो. तसा मी आताही अंगणातच फळ्या कोरत बसलोय. त्या पाटावर अकरा वर्षांत मी एकदाही बसू शकलो नाही.

या वर्षी आई खिडकीशी बसून सोंगट्या ठेवू लागली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की उलटं मोजणं कुठून आलं. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. अकरा वर्षं माझ्या एकट्याच्या अंगावर असलेला दोष ठेवायला एक जागा सापडली. म्हणून तिला सांगितलं. तिलाही कळायला हवं वगैरे सगळं नंतरचं. पट मांडून, एकोणऐंशी सोंगट्या ठेवून, अर्धी गोष्ट सांगितली. बाकीची अर्धी चुलीत गेली होती.

हरलेल्यानं दोन सोंगट्या पटाच्या कडेबाहेर ठेवायच्या, ही आपल्या घरची रीत. मी त्या ठेवल्या आहेत. पट तुझ्या बाजूनं, म्हणजे तिच्या बाजूनं, मांडून ठेवलाय. शेवटची फळी मी कोरणार नाही, तुला कोरायची तर कोर. घर तुझं आहे. मी मागच्या खोलीत आहे, सांगशील तर तिथूनही जाईन.

अजून एक राहिलं. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर होती. मी पेज घेऊन गेलो तर तिनं वाटी बाजूला सारली आणि माझा हात धरला. मला वाटलं तुझ्याविषयी विचारेल.

तिनं विचारलं, "तुला हे केव्हा कळलं रे, आकड्यांचं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती स्वतःवर घेतलेलं ओझं निम्मं तरी खाली ठेवून गेली असती, माझ्यावर चिडली असती, तुला परत आणायचं म्हणून का होईना दोन घास खाल्ले असते.

मी म्हणालो, "या वसंतात. फळी तपासताना."

तिनं माझ्या हातावर दोनदा थोपटलं. म्हणाली, "मग तुझा काही दोष नाही, बाळा."

मी ते ऐकून घेतलं.

बोरेन